पुढचा भाग कधी? भागाभागांनी येणारे गेम आणि मधली रखडलेली वर्षं

रात्रपाळी (धागाकर्ता)

आधी तारखा बघा. 'केंटकी रूट झीरो', अंक पहिला, जानेवारी २०१३. दुसरा, मे २०१३. इथवर सगळं सुरळीत. तिसरा आला मे २०१४ मध्ये. चौथा जुलै २०१६ मध्ये. आणि पाचवा, म्हणजे शेवटचा, २८ जानेवारी २०२० ला. पहिला अंक मी हॉस्टेलच्या खोलीत खेळलो होतो, पाचव्याच्या वेळी घराचा हप्ता सुरू झाला होता.

बनवणारे तिघं. जेक एलियट, टमास केमेन्झी आणि संगीताला बेन बॅबिट. 'कार्डबोर्ड कम्प्युटर' एवढंच काय ते दुकान. २०११ च्या सुरुवातीला किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर साडेसहा हजार डॉलर मागितले, साडेआठ हजारांच्या आसपास मिळाले. म्हणजे तेव्हाचे चारेक लाख रुपये. एवढ्यात पाच अंकी गेम करायला निघाले होते, त्यांच्या हिमतीला दाद द्यायची की हिशेबाला हसायचं, ठरवा.

गोष्ट थोडक्यात. कॉनवे नावाचा उतारवयाचा ड्रायव्हर जुन्या फर्निचरच्या दुकानाची शेवटची डिलिव्हरी घेऊन निघालाय. सोबत गवती टोपी घातलेलं कुत्रं. पत्ता ५, डॉगवूड ड्राइव्ह. पत्ता कुणालाच माहीत नाही आणि तिकडे जाणारा हायवे जमिनीखालून जातो. तिसऱ्या अंकात 'लोअर डेप्थ्स' नावाच्या बारमध्ये ज्यूनबग आणि जॉनी गायला उभे राहतात. गाण्याची पुढची ओळ कुठली, ती आपण निवडायची. आणि गाता गाता बारचं छप्परच नाहीसं होतं, वर आकाश. बंदूक नाही, कोडं नाही, गुण नाहीत. मी खुर्चीत ताठ बसलो होतो.

त्यानंतर पुढचा अंक यायला दोन वर्षं लागली.

माझा प्रश्न असा. असे गेम येतील तसे खेळावेत, की सगळे भाग आल्यावर एकदमच घ्यावेत? माझं मत सांगून टाकतो म्हणजे भांडायला बरं. दोन-तीन महिन्यांची वाट गेमला फायद्याची ठरते. वर्षाच्या वर गेली की आपण जो परत येतो तो निराळाच माणूस असतो, आणि त्याला गोष्ट नव्याने सांगावी लागते. उशिराबद्दल माझी तक्रार नाही. पण सगळ्या भागांचे पैसे आधी मोजून घ्यायचे आणि मग गप्प बसायचं, हे काही पटत नाही.

होऊ द्या चर्चा. आणि कृपा करून शेवट फोडायचा असेल तर वर 'स्पॉयलर' लिहा, मागच्या धाग्यावर काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच.

जुना_पीसी

सात वर्षांचं कौतुक सांगताय होय? शेवटी आला ना तुमचा पाचवा अंक? मग पेढे वाटा आणि गप्प बसा. आमचं बघा.

'हाफ-लाइफ २' नोव्हेंबर २००४. तो बनवायला वाल्व कंपनीला सहा वर्षं लागली होती, म्हणून त्यांनी ठरवलं की आता अवाढव्य गेम नकोत, छोटे छोटे भाग काढू, पटापट काढू. 'एपिसोड वन' जून २००६. 'एपिसोड टू' ऑक्टोबर २००७, 'ऑरेंज बॉक्स' नावाच्या एकत्र संचात, शेजारी 'पोर्टल' आणि 'टीम फोर्ट्रेस २'. तिसरा २००७ च्या नाताळापर्यंत आणायचं सुरुवातीला बोलले होते. तो नाताळ अजून यायचाय.

(स्पॉयलर, पण अठरा वर्षं झाली, आता कसला स्पॉयलर) दुसऱ्या भागाचा शेवट ज्याने पाहिलाय त्याला विचारा. सगळं जिंकून झालंय, हेलिकॉप्टर तयार आहे, बर्फातल्या त्या बोरिआलिस जहाजाकडे निघायचंय, आणि हँगरमध्ये आपली सोबतीण अॅलिक्स हिच्या वडिलांना तिच्या डोळ्यांसमोर मारतात. आपण हवेत अधांतरी, हात हलवता येत नाही. मग पडदा काळा, मागे फक्त तिचं रडणं. हा मध्यंतराचा शेवट आहे हो. याच्यापुढे भाग असायलाच हवा. आणि नाही.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये मार्क लेडलॉने, म्हणजे ज्याने ही गोष्ट लिहिली त्यानेच, वाल्व सोडल्यावर आपल्या वेबसाइटवर एक पत्र टाकलं. नावं बदललेली, पुरुषांच्या बायका केलेल्या, नायक गॉर्डन फ्रीमनची 'गर्टी फ्रेमाँट'. पण वाचणाऱ्याला दोन ओळींत कळत होतं की हा तिसऱ्या भागाचा ढाचा आहे. दहा वर्षं थांबून हाती काय आलं, तर पत्र. मी ते ऑफिसात वाचलं आणि सरळ खाली जाऊन चहा मारला.

निळी_शाई

जुना_पीसी, दुःखात सहभागी. पण 'क्रमशः' लिहून गायब होणाऱ्यांबद्दल आपण मराठी आंतरजालावरच्या लोकांनी तोंड वर करून बोलावं का? इथेच तीन कादंबऱ्या चौथ्या भागावर अडकून आहेत. एकीत तर नायिका २०१४ पासून जिन्यात उभी आहे. (लेखकाने हलके घ्यावे.)

आता मुद्द्याचं. मी 'लाइफ इज स्ट्रेंज' येईल तसा खेळले. २०१५, पाच भाग: ३० जानेवारी, २४ मार्च, १९ मे, २८ जुलै, २० ऑक्टोबर. पॅरिसच्या डोंटनॉडचा गेम, पण गोष्ट अमेरिकेतल्या ओरेगनची. नायिका मॅक्सला वेळ मागे नेता येतो, त्यामुळे बोलून चुकलं की मागे जायचं आणि दुसरं बोलायचं. दुसऱ्या भागाच्या शेवटी तीच शक्ती ऐनवेळी संपते. गच्चीवर तिची वर्गमैत्रीण केट जीव द्यायला उभी आहे आणि आता जे बोलाल ते एकदाच.

(स्पॉयलर) तिला परत आणायचं तर तिच्याबद्दलचे बारीकसारीक तपशील आठवावे लागतात. तासाभरापूर्वी तिच्या खोलीत गेला होतात तेव्हा फोटो नीट बघितले होते का? घरातलं कोण तिच्या जवळचं, कोण नाही? तिचा फोन आला तेव्हा उचलला होता का? मी खोलीत नुसती इकडून तिकडे फिरून बाहेर पडले होते. पुढचं सांगत नाही.

भाग संपला की पडद्यावर टक्केवारी येते, किती खेळाडूंनी तिला वाचवलं, किती जणांना जमलं नाही. आणि मग पुढचा भाग यायला आठ आठवडे. त्या आठ आठवड्यांत आमच्या गटात जे बोलणं झालं तसं नंतर कुठल्याच गेमवर झालं नाही. कुणी मित्राबद्दल सांगितलं, कुणी स्वतःबद्दल. सगळे भाग एकदम मिळाले असते तर 'पुढे' दाबून दहा सेकंदांत तिसऱ्या भागात गेलो असतो. म्हणून माझं मत रात्रपाळीच्या बाजूने, पहिल्या अर्ध्यापुरतं.

चौथ्या भागानंतरचे ते जवळजवळ तीन महिने मात्र छळ होता. तो शेवट तसा नको होता करायला. असो.

घाटमाथा

रोचक धागा. वाचनखूण साठवली.

माझा पक्ष साधा: पूर्ण झाल्याशिवाय खिशात हात घालायचा नाही. कारण सांगतो. २०१५ मध्ये 'ब्लूज अँड बुलेट्स' नावाचा एक स्पॅनिश गेम आला होता, कृष्णधवल, डिटेक्टिव्ह, पाच भागांचा वायदा. पहिला जुलै २०१५, दुसरा मार्च २०१६, तिसरा कधीच नाही. त्याआधी 'सिन एपिसोड्स'. पहिला भाग मे २००६ ला आला, नऊ भागांची स्वप्नं होती, मग कंपनी विकली गेली आणि विषय संपला. मालिका बंद पडली तर निदान टीव्हीवर दुसरं काही लागतं. इथे अर्धा गेम लायब्ररीत आयुष्यभर पडून राहतो आणि सेलच्या वेळी दर खेपेला नजरेस पडतो.

त्यात तेव्हा किमती डॉलरमध्ये. स्टीमवर, म्हणजे गेमांच्या ऑनलाइन दुकानात, रुपये आले २०१५ च्या अखेरीस. त्याआधी आंतरराष्ट्रीय चालणारं कार्ड असलेला मामा शोधायचा, त्याला समजवायचं की यात जुगार नाही, आणि मग त्याच्याच कार्डवर अर्धवट गेम घ्यायचा.

मधली_सुट्टी

थोडं आतून सांगतो. मी पुण्यात एका स्टुडिओत आहे, आम्ही बाहेरच्या गेमांची आर्टची कामं करतो. मालक कोण, गेम कुठले, ते सांगता येणार नाही.

भागांमध्ये गेम काढायचा हिशेब कागदावर फार गोड दिसतो. पहिल्या भागात पात्रं, जागा, इंजिन सगळं उभं करायचं. पुढच्या भागांत तेच सामान वापरायचं, म्हणून वेळ कमी लागेल. पहिल्या भागाच्या विक्रीवर पुढचे भाग निघतील. प्रत्यक्षात काय होतं?

एक तर सामान पुन्हा वापरता येतच नाही, कारण गोष्ट पुढे सरकते. तिसऱ्या भागात पात्रं नव्या गावाला गेली की नवं गाव बांधा. दुसरं, निवडी. पहिल्या भागात दोन पात्रांपैकी एकाला वाचवा म्हटलं की पुढच्या प्रत्येक भागात प्रत्येक प्रसंग दोनदा लिहायचा, दोनदा आवाज घ्यायचा, दोनदा तपासायचा. म्हणून जरा निरखून बघा, तुम्ही ज्याला वाचवता तो पुढच्या एक-दोन भागांत बहुतेक मरतोच किंवा मुकाट होतो. लेखकाला दुसरी वाट नसते. तिसरं, आवाज देणारे कलाकार. वर्षभराने त्याच माणसाला त्याच सुरात आणायचं तर त्याच्या तारखा बघा. चौथं, कन्सोलवाल्यांची तपासणी. प्रत्येक भाग वेगळा पाठवायचा, नापास झाला की पुन्हा रांगेत. पाच भाग म्हणजे पाच वेळा बोर्डाची परीक्षा.

आणि खरं दुखणं पैशाचं. लोक पूर्ण सीझनचा पास पहिल्याच दिवशी घेतात. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या भागाला नवीन पैसे जवळजवळ येतच नाहीत, खर्च मात्र तेवढाच. आलेले पैसे तोवर पगारात गेलेले असतात. मग कंपनी काय करते? पुढच्या गेमचा पहिला भाग काढते, कारण पैसा तिथे आहे. भागाभागांचे गेम काढणाऱ्या टेलटेल कंपनीचं २०१४-१५ आठवा. 'टेल्स फ्रॉम द बॉर्डरलँड्स' नोव्हेंबर २०१४ ला सुरू, पुढच्याच महिन्यात 'गेम ऑफ थ्रोन्स', आणि ते दोन्ही संपायच्या आत 'माइनक्राफ्ट: स्टोरी मोड'. बॉर्डरलँड्सचा दुसरा भाग यायला मार्च उजाडला. तीच टीम, तेच लोक इकडून तिकडे.

त्यामुळे रात्रपाळी, आधी पैसे घेऊन गप्प बसतात ही तुमची तक्रार खरी, पण ते पैसे गिळून बसलेले नसतात. पैसे संपलेले असतात.

टमटम

दादालोक, तुम्ही सगळे 'डेल्टारून'ला विसरलात याचा निषेध!!

मी बारावीला आहे. पहिला चॅप्टर आला ऑक्टोबर २०१८ ला, तेव्हा मी प्राथमिक शाळेत. दुसरा सप्टेंबर २०२१. तिसरा आणि चौथा एकदम, जून २०२५. एकूण सात होणारेत. आणि पहिले दोन फुकट! गेम बनवणाऱ्या टोबी फॉक्सने दोन चॅप्टर लोकांना असेच दिले, पैसे घेतले तिसरा-चौथा आला तेव्हा, आणि त्याच किमतीत पुढचे सगळे येणार. मग वाट बघायला लावली तर काय बिघडलं? मी काही दिलंच नव्हतं.

दुसऱ्या चॅप्टरच्या शेवटी आपलं मुख्य पात्र क्रिस घरातल्या हॉलमध्ये टीव्हीसमोर काय करतो ते बघून आमच्या ग्रुपवर पावणेचार वर्षं थिअऱ्या चालू होत्या. गोष्टीतला गूढ खलनायक 'नाइट' कोण यावरून दोघांनी बोलणं सोडलं होतं. मग तिसरा चॅप्टर आला आणि दोघंही चुकीचे निघाले.

वाट बघणं हाच तर गेम आहे हो.

जुना_पीसी

टमटम, बाळा, बारावीचं वर्ष आहे. पण मुद्दा बरोबर मांडलास. फुकट देऊन थांबायला लावणं आणि पैसे घेऊन थांबायला लावणं यात जमीन-अस्मानाचा फरक.

मधली_सुट्टींच्या पोस्टवर एक जोडतो. वाल्वकडे पैशाला तोटा नव्हता, तरी तिसरा भाग अडला. २०२४ मध्ये 'हाफ-लाइफ २' ला वीस वर्षं झाली तेव्हा त्यांनीच माहितीपट काढला, त्यात त्या न आलेल्या भागाचे तुकडे दाखवले. बर्फ फवारून भिंती उभ्या करणारी बंदूक, आकार बदलत सरपटणारे गोळे. काम सुरू झालं होतं! मग ते लोक दुसऱ्या गेमच्या मदतीला गेले आणि परत येईतो ऊर्मी गेली. वाल्वच्या गेब न्यूवेलचं म्हणणं असं की नुसती गोष्ट पुढे नेण्यासाठी भाग काढणं ही पळवाट झाली असती, काहीतरी नवीन करून दाखवायला हवं होतं आणि ते त्याला सुचलं नाही.

आता हे प्रामाणिक आहे हे मान्य. पण साहेब, आम्हाला नवीन बंदूक कोण मागत होतं? त्या हँगरमधून बाहेर काढा एवढंच मागत होतो. 'हाफ-लाइफ: अॅलिक्स' मार्च २०२० ला आला, तो व्हीआर हेडसेटवर. म्हणजे तेरा वर्षं थांबलेल्या माणसाने पुढचं बघायचं तर आधी हेडसेट घ्यायचा. मी शेवट यूट्यूबवर बघितला. बघितला तो बघितला.

निळी_शाई

"नुसती गोष्ट पुढे नेणं ही पळवाट" हे वाक्य एखाद्या कथालेखकाने ऐकलं तर फेफरं येईल.

घाटमाथा

मधली_सुट्टींनी टेलटेलचं नाव काढलंच आहे तर राहिलेलं सांगतो, कारण माझा 'पूर्ण झाल्यावरच घ्या' हा हट्ट तिथून सुरू झाला आणि तिथेच थोडा ढिलाही पडला.

'द वॉकिंग डेड'चा पहिला सीझन, २०१२, एप्रिल ते नोव्हेंबर, पाच भाग. ली आणि त्याने सांभाळलेली छोटी क्लेमेंटाइन. तो ज्याने त्या वर्षी खेळला त्याला मी काय सांगू. पुढे त्या पोरीला घेऊनच सगळे सीझन झाले. शेवटच्या सीझनचा पहिला भाग १४ ऑगस्ट २०१८ ला आला. २१ सप्टेंबरला बातमी: कंपनी बुडाली, अडीचशेच्या आसपास लोकांना त्याच दिवशी घरी पाठवलं, निरोपाचा पगारसुद्धा नाही. पंचवीसेक जण मागे ठेवले. आणि चार दिवसांनी, २५ सप्टेंबरला, दुसरा भाग ठरल्याप्रमाणे बाजारात आला! ज्यांनी बनवला त्यातले बहुतेक तोवर बेकार. मी तो भाग लावला आणि शेवटची नामावली पुढे ढकलली नाही, एवढंच हातात होतं.

पास घेतलेले लोक तेव्हा ओरडत होते, आमचे उरलेले दोन भाग कुठायत, पैसे परत द्या. मीही त्यातलाच. पण मग बघितलं तर माणसं घरभाडं कसं भरायचं म्हणतायत. आपला अर्धा गेम त्यापुढे काय मोठा?

पुढे मूळ कॉमिक्सवाल्या रॉबर्ट कर्कमनच्या स्कायबाउंडने काम हातात घेतलं, जुन्यापैकी बऱ्याच जणांना परत बोलावलं. तिसरा भाग १५ जानेवारी २०१९, चौथा २६ मार्च. क्लेमेंटाइनची गोष्ट संपली. वायदा पाळला तो दुसऱ्याने. 'द वुल्फ अमंग अस'वाले तेवढे नशीबवान नाहीत. पहिला सीझन जुलै २०१४ ला संपला, दुसरा एकदा जाहीर झाला, कंपनीबरोबर बुडाला, नव्या मालकांनी २०१९ च्या डिसेंबरात पुन्हा जाहीर केला, पुन्हा लांबला. त्यातल्या नायकाची, बिग्बीची, सिगरेट अजून पेटलेली आहे.

रात्रपाळी

घाटमाथा, हे वाचून माझ्या 'आधी पैसे घेऊन गप्प बसतात' वाल्या वाक्याची धार कमी झाली, कबूल. पूर्ण नाही.

आता 'केंटकी'कडे परत येतो, कारण मला मूळ बोलायचं होतं ते राहिलंच. स्पॉयलर आहे, ज्यांना खेळायचाय त्यांनी पुढचा प्रतिसाद गाठा.

पहिल्या अंकात खाणीत कॉनवेचा पाय जखमी होतो. डॉक्टर उपचार करतो, आणि तिसऱ्या अंकात बघतो तर पायाच्या जागी चमकणारा हाडांचा सांगाडा. कुणी दचकत नाही. त्या औषधाचं बिल आहे. मग 'हार्ड टाइम्स' नावाची दारूची भट्टी, तिथे काम करणारे सगळे असेच चमकते सांगाडे, सगळे कर्ज फेडतायत. कॉनवे दारू सोडलेला माणूस. त्याच्या हातात तिथे पेला येतो. आणि ज्या पात्राला आपण पहिल्या मिनिटापासून चालवतोय ते चौथ्या अंकात होडीतून त्या लोकांबरोबर निघून जातं. ना भांडण, ना निरोपाचं भाषण. आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी बाजूने हे बघत असतो.

चौथा अंक संपला जुलै २०१६ ला. साडेतीन वर्षं मी असं धरून चाललो होतो की पाचव्यात तो परत येईल. हिरो आहे, कसा नाही येणार? पाचवा अंक उघडला तर दिवसाचं लख्ख ऊन (चारही अंक अंधारातले होते), पुराने उद्ध्वस्त झालेलं छोटंसं गाव, आणि आपण मांजर! गावात इकडेतिकडे पळायचं, लोक काय बोलतात ते ऐकायचं. डिलिव्हरी झालेली आहे, बाकीच्यांनी केली. सामान घरात लावायचंय. कॉनवे नाही.

एका दमात खेळणाऱ्याला हा धक्का तासाभरात पचतो. मी तो माणूस साडेतीन वर्षं डोक्यात जिवंत ठेवला होता, त्यामुळे मला तो फार जोरात लागला. लेखकांनी हे ठरवून केलं असं मी म्हणणार नाही, तिघांनाच काम उरकत नव्हतं हे उघड आहे. पण वाट बघण्याने शेवट बदलला, माझ्यापुरता तरी. म्हणजे वर मी जे लिहिलं, की वर्षाच्या वर गेलं की तोटाच, त्याला हा एक अपवाद. नियम मागे घेत नाही.

निळी_शाई

रात्रपाळी, दंडवत. या एका प्रतिसादासाठी धाग्याचे पैसे वसूल.

एक विचारते. सगळं आधी तयार ठेवून मग हप्त्याने सोडलं तर? 'डिस्पॅच' तसाच आला ना, २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. अॅडहॉक स्टुडिओ, त्यात टेलटेलमधून बाहेर पडलेले लोक आहेत. आठ भाग, दर बुधवारी दोन, चार आठवड्यांत खेळ खलास. चर्चाही झाली, कुणाचे पैसेही अडकले नाहीत. डोंटनॉडने 'टेल मी व्हाय' तर २०२० मध्येच आठवड्याला एक असा काढला होता.

मधली_सुट्टी

+१. बनवणाऱ्यांच्या बाजूनेही ते सोयीचं. फक्त त्यासाठी गेम पूर्ण होईतो पगार द्यायला कुणीतरी लागतं, आणि छोट्यांचं घोडं तिथेच पेंड खातं. भाग काढायची पद्धत आलीच होती ती हातात पैसे नसलेल्यांसाठी.

आणखी एक तोटा, जो खेळणाऱ्याला दिसत नाही. भाग खरंच अर्धवट असतील तर मधल्या काळात लेखक लोकांचं ऐकतो. एखादं दुय्यम पात्र लोकांना आवडलं तर त्याला पुढे जास्त जागा देता येते. सगळं आधी रेकॉर्ड करून ठेवलं की ते दार बंद.

टमटम

पण लोकांचं ऐकून गोष्ट बदलली तर ती बिघडते पण ना? आमच्या दोघांच्या थिअऱ्या ऐकल्या असत्या तर नाइट कोण झाला असता देव जाणे.

जुना_पीसी

हे पोरगं बारावीला पास होणार. पण त्याला कुणीतरी 'शेनम्यू'बद्दल सांगा. दुसरा भाग २००१, तिसरा नोव्हेंबर २०१९, मध्ये किकस्टार्टरवर साठ लाखांहून जास्त डॉलर गोळा. अठरा वर्षांनी गेम सुरू होतो त्याच गुहेत जिथे दुसरा संपला होता. आणि तिसऱ्या भागातही गोष्ट पूर्ण झाली नाही! बापाचा खुनी मोकळाच. युझू सुझुकी म्हणतात पुढे आहे अजून.

निळी_शाई

यू सुझुकी हो, युझू नव्हे. युझू लिंबू असतं.

खिडकीची_जागा

पहिल्यांदाच लिहितेय, आतापर्यंत फक्त वाचत होते. 'केंटकी'चा स्पॉयलर डोळे मिटून ओलांडला, त्यामुळे अजून काही फुटलेलं नाही. मला तो घ्यायचाय. पण गेम खेळायची सवय नाही आणि लॅपटॉप ऑफिसचा, साधाच आहे, ग्राफिक्स कार्ड वगैरे काही नाही. जमेल का? आणि इंग्रजी फार अवघड आहे का?

रात्रपाळी

स्वागत! लॅपटॉपची काळजी नको, चालेल. चित्रं सपाट रंगांची आहेत, मशीनला घाम फुटत नाही. ऑफिसचा आहे तर आयटीवाल्यांना विचारून घ्या, एवढंच.

इंग्रजी वाचायला भरपूर आहे, आवाजी संवाद जवळजवळ नाहीतच. घड्याळ लावून काही करायचं नसतं, कुणी मारायला येत नाही, त्यामुळे कोशात बघत बघत वाचलंत तरी चालतं. सुरुवातीला पेट्रोल पंपावर कुत्र्याचं नाव विचारतात, तिथे अडकू नका, कुठलंही चालतं. मी ब्लू ठेवलं होतं.

एक मात्र ऐका. अंकांच्या मध्ये छोटे तुकडे येतात, पूर्वी ते वेगळे फुकट मिळायचे, आता गेममध्येच मेनूत आहेत. ते गाळू नका, विशेषतः दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधला, त्यात एका नाटकाच्या स्टेजवर बसून नाटक बघायचं असतं. एका आठवड्यात एक अंक एवढाच वेग ठेवा. सेलमध्ये स्वस्त मिळतो, तोवर थांबलात तरी हरकत नाही.

खिडकीची_जागा

धन्यवाद. सेलची वाट नाही बघत, आज रात्रीच घेते. पहिला अंक झाला की इथेच लिहीन.

घाटमाथा

लिहा नक्की. आणि शेवटी 'क्रमशः' लिहिलंत तर तारीखही टाका.